पोरगी दहावीत, इंग्रजीत ८० पैकी २९. घरी आम्ही काय करू शकतो?

कपाशी_तूर | २ नोव्हेंबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यात, तालुक्यापासून १४ किलोमीटरवर आमचं गाव. साडेचार एकर शेती. कपाशी, तूर, आणि विहिरीच्या भरवशावर थोडा हरभरा. पोरगी मराठी माध्यमात दहावीला आहे. गणित-विज्ञान बरं आहे. दिवाळीआधी सहामाहीचे पेपर मिळाले, इंग्रजीत ८० पैकी २९.

२९ चं मला एवढं काही वाटलं नाही. खरा हादरलो ते तिचं पुस्तक उघडल्यावर. प्रत्येक ओळीच्या डोक्यावर पेन्सिलनं मराठीत उच्चार लिहून ठेवलेले. तिनं धडा कसा भराभर वाचून दाखवला. मी खूश. मग मधल्याच एका ओळीचा अर्थ विचारला तर गप्प. दुसऱ्या ओळीचा विचारला तर डोळ्यात पाणी. म्हणजे पोरगी इतके दिवस वरचं मराठीच वाचत होती, खालच्या इंग्रजीकडं तिचं लक्षच नव्हतं.

आता आमची गत ऐका. मी बारावी, तेही घासून. बायको दहावी. आमच्या वेळी एबीसीडी पाचवीत सुरू व्हायची, पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० मध्ये. म्हणजे पोरीचं इंग्रजी आमच्यापेक्षा चार वर्षं आधी सुरू झालं, आणि आम्ही तिला शिकवायचं! ट्यूशन तालुक्याला आहे, पण ती सुटायच्या आधी शेवटची एसटी निघून जाते. आठवड्याआड रात्रीची लाईन असते तेव्हा मी ओलिताला शेतात. बायको दिवसभर वेचणीत. जेवणाआधी पाऊण तास निघतो, तोही रोज नाही.

या पाऊण तासात काय करावं? 'पोरीला समजावून सांगा' एवढं सोडून काहीही सांगा.

वर्धेचा_वाटसरू | २ नोव्हेंबर, रात्री १०:१५

मराठी माध्यमात ठेवलं तिथंच चुकलं. निदान आठवीपासून सेमी घ्यायला पाहिजे होतं. आता चार महिन्यांत काय होणार?

लाल_शाई | ३ नोव्हेंबर, सकाळी ६:५०

वाटसरू, गाडी चुकलेल्याला गाडीची वेळ सांगून काय उपयोग?

कपाशीभाऊ, मी ३१ वर्षं इंग्रजी शिकवलं, बुलढाणा आणि वाशीम जिल्ह्यांत. आता सेवानिवृत्त. तुम्ही पुस्तकाच्या डोक्यावर जे पाहिलं ते मी हजारो पुस्तकांत पाहिलंय. ही तुमच्या पोरीची चूक नाही. देवनागरीत जसं लिहिलं तसं वाचायचं, ही लेकरांच्या डोळ्यांची सवय. इंग्रजीत ती फसते. 'राईट' म्हणजे बरोबर आणि 'राईट' म्हणजे लिहिणं, 'नाईट' म्हणजे रात्र आणि 'नाईट' म्हणजे जुन्या गोष्टीतला सरदार. वर देवनागरी लिहिली की या जोड्या एकसारख्या दिसतात. खालची अक्षरं डोळ्याखालून जातच नाहीत, मग स्पेलिंग कुठून येणार? आणि अक्षरांवर डोळा थांबत नाही म्हणून अर्थावरही थांबत नाही.

तेव्हा पहिली खरेदी खोडरबर. पण एका दिवसात सगळं पुसू नका, पोरगी घाबरेल. रोज एक परिच्छेद. तो पुसायचा आणि तिनं तसाच वाचायचा. जो शब्द खरोखर अडेल तेवढ्याचाच उच्चार लिहायचा, तोही समासात. ओळीच्या वर काहीच नाही.

दुसरं, तुम्ही म्हणता आम्हाला काही येत नाही. तुमच्या पोरीचा पेपर तृतीय भाषेचा आहे. त्यात भाषांतराचा प्रश्न असतो. इंग्रजी शब्द, वाक्यं आणि एखादी म्हण मराठीत आणायची. यात पोरं गुण घालवतात ते मराठीपायी. 'एम्प्टी व्हेसल्स मेक मच नॉइज'चं भाषांतर मी 'रिकामी भांडी खूप आवाज करतात' असं शेकड्यांनी वाचलंय. 'उथळ पाण्याला खळखळाट फार' हे तुमच्या घरात म्हातारीला विचारा, ती झोपेत सांगेल. शब्दाचा अर्थ पोरगी डिक्शनरीत शोधेल, मराठी म्हण तुम्ही पुरवा. हे काम ट्यूशनवाल्यापेक्षा तुमच्या घरी चांगलं होईल.

तिसरं म्हणजे माहितीचं रूपांतर. एक तक्ता देतात आणि त्यावरून परिच्छेद लिहायचा असतो. गाईडमधले तक्ते राहू द्या. तुमच्या वहीत वेचणीचा हिशेब असेलच, पहिल्या वेच्याला किती किलो, दुसऱ्याला किती, मजुरी किती दिली, भाव काय लागला. त्याचा तक्ता करा आणि पोरीला म्हणा, यावर इंग्रजीत चार वाक्यं लिही. तिला त्यातला प्रत्येक आकडा माहीत आहे, त्यामुळं सगळी ताकद वाक्यावर लागेल.

कपाशी_तूर | ३ नोव्हेंबर, रात्री ९:०५

सर, हिशेबाची वही माझ्याकडं आहे, पण ती पोरीला दाखवावी का हा वेगळाच प्रश्न आहे. 😀 उधारीचं पान फाडून देतो.

खोडरबर आणला. आज पाच ओळी पुसल्या. पाच ओळींना वीस मिनिटं लागली. एवढी हळू ती बालवाडीतही वाचत नसेल. बरोबर चाललंय ना हे?

लाल_शाई | ३ नोव्हेंबर, रात्री ९:३०

बरोबर चाललंय. इतके दिवस ती वाचतच नव्हती. आता वाचायला लागली, म्हणून वेळ लागतोय.

ज्वारीची_भाकर | ४ नोव्हेंबर, दुपारी २:१०

भाऊ, मी सातवी शिकली हाये. माह्या पोराची दहावी होऊन दोन साल झाले. मी भाकरी टाको, थो चुलीजोळ बसून इंग्रजी वाचे. मले काय समजे? काईच नाई. पन मी एकच इचारो, "म्हंजे काय?" थो सांगे. सांगतानी अडखळला का मले कळे, याले सोतालेच समजलं नाई.

त्याले वाटे मायले कुठं कळते, मारा थापा. एक दिवस असंच केलं त्यानं. आदल्या दिशी गोष्टीतला मानूस मेलता. दुसऱ्या दिशी थोच मानूस बजारात गेला. म्या म्हनलं, काऊन रे, काल त मेलता ना थो? पोट्टं असं पायत रायलं माह्याकडं! मंग पुस्तक मांगं उलटून पायलं त मेलता दुसराच. तवापासून नीट सांगाले लागला.

पयले आठ दिवस लाजला. दार लोटून घे, कोनी आलं का पुस्तक बंद करे. म्या म्हनलं मी तुई परीक्षा नाई घेऊन रायली, मले गोष्ट आयकाची हाये. आन खरंच आयकाची होती बावा, सातवीत शाळा सुटली माही.

एक सांगतो, राग नका येऊ देऊ. पोरीले ऐतवारी वेचनीले नेत असान त यंदा नका नेऊ.

लाल_शाई | ४ नोव्हेंबर, दुपारी ४:००

मेलेला माणूस बाजारात! बाई, तुम्ही जे केलं त्याला बीएडच्या पुस्तकात लांबलचक नाव आहे आणि त्यावर दहा गुणांचा प्रश्न येतो.

२०२३ च्या 'असर' अहवालात ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वर्षांच्या मुलांना इंग्रजी वाक्यं वाचायला दिली होती. ५७.३ टक्के मुलांनी वाचली. वाचणाऱ्यांपैकी जवळपास तीन चतुर्थांश मुलांना अर्थ सांगता आला. म्हणजे वाचता येणाऱ्या दर चार मुलांत साधारण एक कपाशीभाऊंच्या पोरीसारखं, तोंडानं वाचणारं आणि अर्थाला कोरं. असं पोर वर्गात ओळखू येत नाही. घरी कुणी 'म्हंजे काय' विचारलं तरच उघडं पडतं.

ऐतवारचा_बाजार | ४ नोव्हेंबर, रात्री ८:२०

मोबाईलचा विषय कुणी काढला नाही! बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की दीक्षा ॲपवर धडे आहेत. इंग्रजी सिनेमे खाली ओळी लावून दाखवा. माझा भाचा असाच फाडफाड बोलायला लागला.

कपाशी_तूर | ४ नोव्हेंबर, रात्री ९:५०

दादा, केलं. क्यूआर स्कॅन करायला फोन दिला आणि वीस मिनिटांनी पाहिलं तर रील. सिनेमाच्या खालच्या ओळी मलाच वाचायला पुरत नाहीत, ती काय वाचेल. तुमचा भाचा शहरात असेल.

ऐतवारचा_बाजार | ४ नोव्हेंबर, रात्री १०:००

पुण्यात. बरोबर पकडलं.

मग क्रिकेटची रेडिओ कॉमेंट्री लावा. थोडा वेळ हिंदीत, थोडा वेळ इंग्रजीत असते. हिंदीतून स्कोअर कळलेला असतो, त्यामुळं इंग्रजी बरंचसं अंदाजानं लागतं. पोरीला क्रिकेट आवडत असेल तरच.

कृषीकेंद्रवाला | ५ नोव्हेंबर, सकाळी १०:३०

तालुक्याच्या गावाला माझं औषध-बियाण्याचं दुकान आहे. मी शिक्षणातला माणूस नाही, पण एक सांगतो.

कीटकनाशकाच्या डब्यावर एक चौकट असते, टोकावर उभी केलेली. तिचे दोन त्रिकोण. खालचा रंगाचा, वरच्यात इशारा. लाल म्हणजे सगळ्यात जहाल, तिथं कवटी आणि 'पॉयझन'. पिवळ्यावरही 'पॉयझन', पण कवटी नाही. निळ्यावर 'डेंजर', हिरव्यावर 'कॉशन'. आता या तीन इंग्रजी शब्दांतला फरक पोरीला विचारा. कोणता जास्त घाबरवणारा, कोणता कमी? हे डिक्शनरी पाहून लक्षात राहणार नाही, डबा पाहून राहील.

डब्यासोबत बारीक अक्षरांची घडीपत्रिका येते. त्यात तोच मजकूर बऱ्याच भाषांत असतो, बहुतेकांत मराठीही. आम्ही ती कचऱ्यात टाकतो. इंग्रजीतलं वाक्य आणि त्याचंच मराठी, दोन्ही एका कागदावर, फुकट. २०१७ मध्ये आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना माणसं दगावली, तेव्हापासून मी गिऱ्हाइकाला पत्रिका उघडून दाखवतो. माझा पोरगा नववीत आहे, त्यालाच वाचायला लावतो. 'डू नॉट स्प्रे अगेन्स्ट द विंड', म्हणजे काय? वाऱ्याच्या तोंडावर फवारू नका. याचं भाषांतर चुकलं तर बाप आजारी पडेल, एवढं त्याला कळतं.

ज्वारीची_भाकर | ५ नोव्हेंबर, दुपारी १२:४५

कागदच आना बावा घरात, डबा नोका आनू.

होस्टेलवाली_ताई | ६ नोव्हेंबर, रात्री ११:२०

काका, मी अमरावतीला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गाव दर्यापूरकडचं, दहावीपर्यंत मराठी माध्यम. पोरीच्या बाजूनं कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते.

आमच्या घरी पाहुणे आले की बाबा म्हणायचे, "जरा काकांना इंग्रजीत बोलून दाखव." त्या दिवसांत काकांची मोटारसायकल दारात वाजली की मी मागच्या दारानं मैत्रिणीकडं जायचे. काका, हे करू नका. आणि मामाच्या पोरीचे मार्क सांगू नका. आम्हाला ते आधीच माहीत असतात.

मदत झाली ती एका गोष्टीची. बाबा महिन्यातून दोन-तीनदा बाजाराला अमरावतीला यायचे. येताना स्टँडवरून इंग्रजी पेपर आणायचे, नागपूरचा 'द हितवाद', जो १९११ पासून निघतो. घरी त्याच तारखेचा मराठी पेपर असायचा. मी आधी मराठीत बातमी वाचायचे, अपघात, पाऊस, कापसाचा भाव, नागपूरचं अधिवेशन, आणि मग तीच बातमी इंग्रजीत शोधायचे. काय झालं ते आधीच माहीत असल्यामुळं इंग्रजी वाक्यं आपोआप उलगडायची. 'प्रोक्युअरमेंट' हा शब्द मी कापूस खरेदीच्या बातमीतून शिकले, कोणत्याही धड्यातून नाही. अख्खा पेपर कधीच वाचला नाही. एक बातमी, बस.

आणि एक खरं सांगू? दहावीचे मार्क ही छोटी गोष्ट आहे. अकरावी सायन्सला गेले आणि सगळं इंग्रजीत. ज्याला आम्ही वेग म्हणायचो ते 'व्हेलॉसिटी', त्वरण म्हणजे 'ॲक्सिलरेशन'. विषय येत असून पहिले दोन महिने मी वर्गात मुकी होते. तुमच्या पोरीचं गणित-विज्ञान चांगलं आहे म्हणता, म्हणजे ती तिकडंच जाणार. सुट्टीत तिला दहावीच्या विज्ञानाचं इंग्रजी माध्यमाचं पुस्तक उतरवून द्या. धडे तेच आहेत, तिला पाठ आहेत, फक्त नावं बदललेली.

वर्धेचा_वाटसरू | ७ नोव्हेंबर, सकाळी ८:००

ताईची शेवटची गोष्ट पटली. माझा पहिला प्रतिसाद जरा तुसडा झाला होता, भाऊ. पोरगा सेमीत असून माझ्याही घरी तीच बोंब आहे, म्हणून जीभ घसरली.

लाल_शाई | ७ नोव्हेंबर, सकाळी ९:१५

एक राहिलं. वाक्याचा क्रम. मराठीत क्रियापद शेवटी बसतं, इंग्रजीत ते कर्त्याला चिकटून येतं. पोरं इंग्रजी वाक्य शेवटपासून लावायला बघतात आणि गोंधळतात. मी वर्गात एक खेळ घ्यायचो. बोलायचं मराठीतच, पण इंग्रजीच्या क्रमानं. 'मी गेले होते शाळेत सायकलनं काल.' 'बाबा देतायत पाणी हरभऱ्याला.' आधी कोण, लगेच काय केलं, मग बाकीचं लटांबर. पाच मिनिटं जेवताना खेळा. काळाचे तक्ते पाठ करण्याआधी हे कानात बसू द्या. यात तुम्ही दोघंही तिच्याइतकेच हुशार.

कपाशी_तूर | १५ जानेवारी, रात्री ९:२५

तिळगूळ घ्या मंडळी. धागा वर काढतोय. दोन-अडीच महिने झाले, जे झालं ते सांगतो.

सराव परीक्षेत ८० पैकी ४१. भाषांतरात एक गुण सोडून सगळे मिळाले. कवितेच्या रसग्रहणाचा प्रश्न मात्र कोराच सोडून आली. तिथं आमची कुणाचीच मात्रा चालत नाही. त्यावर कुणी सांगितलं तर बरं होईल.

खोडरबर चालू आहे. अजून तीन धडे पुसायचे आहेत. डिसेंबरात तीन आठवडे काहीच झालं नाही, कारण वेचणीला बाया मिळेनात आणि माझी रात्रीची लाईन. रविवारी पोरीला वेचणीला नेणार नाही असं मनाशी ठरवूनही दोनदा नेलं. भाकरताई, रागवा.

माझ्याजवळ ती बसत नाही. पंधरा-सोळाची पोरगी, बापानं 'म्हंजे काय' विचारलं की कपाळाला आठ्या. आईजवळ बसते. बायको वाती वळत ऐकते. तिनं एक वेगळंच सुरू केलं. घरात दिवसभरात आपण किती इंग्रजी शब्द बोलतो ते कॅलेंडरच्या मागं लिहायचे. कुकर, सिलिंडर, स्टार्टर, डीपी, फेज, फ्यूज, रिचार्ज, डोस, टँकर, लोन. चार दिवसांत १३६ झाले. पोरीनं प्रत्येकाचं स्पेलिंग शोधून लिहिलं. 'सिलिंडर'चं स्पेलिंग पाहून बायको म्हणते, हा गॅस संपेपर्यंत लिहून होत नाही. 'डीपी'चं पूर्ण नाव काय, यावर पोरगी मला हरवून गेली. वीस वर्षं त्या डब्याखाली उभं राहून फ्यूज टाकतोय, मला माहीतच नव्हतं.

वेचणीच्या तक्त्यावर तिनं लिहिलेला परिच्छेद गुरुजींनी वर्गात वाचून दाखवला. त्यात आमचा भाव आणि उतारा आता सगळ्या गावाला कळला. ते एक असो. पेपर दोनदाच आणणं झालं. घडीपत्रिका तिला कंटाळवाणी वाटली, पण मला आवडली, मीच वाचतो आता.

आणि सर, तुमचा तो क्रमाचा खेळ. पहिल्या दिवशी जेवताना पोरगी म्हणाली, "मी पाहिजे भाजी अजून." बायको म्हणाली, "मी केली भाजी वांग्याची आज." मी म्हणालो, "मी जातो शेतात आता." हसून हसून पुरेवाट. माझी आई कोपऱ्यात बसून सगळं ऐकत होती. म्हणाली, "याच्यात काय नवीन हाये? मी त जनमभर असंच बोलते. दे पानी मले. गेली कुठं थे? आला का रे बाप तुहा?"

पोरगी हातातला घास तसाच ठेवून आजीकडं पाहत राहिली. मग वही आणली आणि आजीची तिन्ही वाक्यं इंग्रजीत लिहायला बसली. पहिलं लगेच जमलं. 'गेली कुठं थे'वर अडली आहे, 'व्हेअर' आधी का नंतर यावरून आईशी वाद चालू आहे. सर, जागे असाल तर सांगा.

लाल_शाई | १५ जानेवारी, रात्री ९:४०

आधी. 'व्हेअर' सगळ्यात आधी. पण पोरीला लगेच सांगू नका, दहा मिनिटं भांडू द्या.

रसग्रहणाचं उद्या सकाळी लिहितो.